हर्शलने भरलेली काडतुसं

पिस्तुलात कुठली गोळी भरावी, यावर आमच्या खोऱ्यात जितकी भांडणं झाली आहेत तितकी कुंपणावरूनही झाली नसतील. जड गोळी चांगली की हलकी, पोकळ टोकाची की भरीव, दुकानातली की घरी भरलेली. पुरुषमंडळी चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून यावर दुपार घालवतात आणि आत आम्ही बायका जेवण मांडून ताटकळतो. माझा नवरा हर्शल टॅकेट या सगळ्यांचा गुरू. खाणीतून निवृत्त झाल्यापासून तो मागच्या शेडमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. झाडलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, घासायच्या, त्यांत बारूद मोजून घालायची, वर शिशाची गोळी दाबून बसवायची आणि पुंगळीचं तोंड तिच्याभोवती आवळायचं. केंटकीच्या या डोंगरात हे बरेच जण करतात. पण हर्शलच्या मते नीट करणारा एकच आहे.

"दुकानातलं काडतूस म्हणजे अनोळखी बाईने भाजलेला केक," तो म्हणतो. "खायला हरकत नाही, पण आत काय घातलंय कोणाला ठाऊक!"

आणि असा केक ताटात पडला तर पहिला तुकडा हाच उचलतो.

मी ओपल. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन मी त्यांचं सगळं करते. आंघोळ, वेणीफणी, जखमा बांधणं, वेळच्या वेळी औषध देणं. माझी कुठली कंपनी नाही की गणवेश नाही. ओळखीवर बोलावतात, मी जाते. आयव्ही इस्टेपकडे तर मी इतकी वर्षं जाते आहे की तिची कोंबडीसुद्धा मला बघून उठत नाही. आयव्ही नव्वदीची, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी, मुलगा ओहायोत. मी गेले नाही तर तिला तालुक्याच्या वृद्धाश्रमात टाकतील, आणि ती मला स्पष्ट सांगते, "तिथे नेलंस तर पहिला रविवारही बघणार नाही मी. हट्ट म्हणून मरेन." ती तसं करेल याबद्दल मला शंका नाही.

गेल्या शरदात तिच्याकडे जाताना वरच्या वळणावर एका माणसाने माझी गाडी अडवली. त्याला माझ्या बॅगेतली दुखण्यावरची औषधं हवी होती. माझ्या बॅगेत साबण, पट्ट्या आणि आयव्हीचा कंगवा. पण हे ऐकून घ्यायला तो शुद्धीवर हवा ना! त्याने खिडकीतून हात घालून माझी मान धरली. मी पाय दाबला आणि गाडी तशीच पुढे काढली. तो रस्त्यात पडला, माझा आरसा तुटला आणि मानेवर त्याची नखं उमटली. शेरीफ आले, बघितलं, मान हलवली आणि गेले.

हर्शलने ती नखं बघितली आणि त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "काम सोड."

"सोडत नाही."

"मग रिकाम्या हाताने जायचं नाही. आणि पिस्तूल हातात घेऊन चालवता आलं नाही, तर काम सोडायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. म्हणजे आयव्हीचं काय होणार ते आता माझ्या पंजावर ठरणार होतं. आणि माझ्या उजव्या अंगठ्याच्या सांध्यात संधिवात आहे, लोणच्याची बरणीसुद्धा मी हर्शलकडून उघडून घेते.

त्याने माझ्यासाठी पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर आणलं. इतकं हलकं, की शर्टाखाली कमरेला लावलं तर विसरायला होतं. त्याची काडतुसं मात्र त्याने स्वतः भरली. चार संध्याकाळी शेडमध्ये दिवा होता. मग तळहातावर पाच काडतुसं घेऊन स्वयंपाकघरात आला, घासूनपुसून चकचकीत केलेली, आणि म्हणाला, "खास तुझ्यासाठी. अस्वल आलं तरी बसेल."

घरामागच्या उतारावर मी एक बार काढला. बंदूक हलकी आणि गोळी तगडी, त्यामुळे सगळा धक्का माझ्या अंगठ्यात. कोपरापर्यंत वीज गेली. डोळ्यांत पाणी आलं ते मी चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

दुखतंय म्हणाले असते तर आयव्हीचं घर गेलंच. "छान आहे," मी म्हणाले. "पुरे. उगाच वाया कशाला घालवायच्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं, झाडलेल्याच्या जागी दुसरं काडतूस घातलं आणि सरावासाठी म्हणून आणखी एक पिशवी भरून शेडच्या खुंटीला टांगली. मी तिला हात लावला नाही. सगळा हिवाळा ते रिव्हॉल्व्हर कमरेला लावून हिंडले आणि त्याचा चाप एकदाही ओढला नाही.

एकदा मात्र ओढायची वेळ आली होती. जानेवारीत आयव्हीच्या घराखालच्या अरुंद रस्त्यावर तोच माणूस ट्रक आडवा लावून उभा होता. खाली उतरला, माझ्याकडे चालत आला. मी गाडीतच शर्टाखाली हात घातला आणि मूठ आवळली. त्याने माझा खांदा बघितला, हात कुठे गेला ते बघितलं, थांबला. मग थुंकला, ट्रकमध्ये बसला आणि गेला. घरी येऊन मी हर्शलला सांगितलं तेव्हा त्याने मला इतका वेळ धरून ठेवलं की चुलीवरच्या बीन्स करपल्या. पुढे त्या माणसाला दुसऱ्या कुठल्या प्रकरणात पकडून नेलं. पण असल्या माणसांचा तुटवडा आमच्याकडे कधी पडत नाही.

हे सगळं उजेडात आणलं माझ्या नणंदेने. हर्शलची धाकटी बहीण लोवेडा. तिचं बंदुकांचं दुकान आहे आणि दुकानामागे जुन्या दगडखाणीत नेमबाजीची जागा. आवाज असा, की मोठ्या बारापेक्षा तिचं "थांबा!" लांब ऐकू जातं. दर वसंतात, डोंगरावर रेडबडची जांभळी फुलं आली की ती एका शनिवारी फक्त बायकांना बोलावते. येताना प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा, सकाळभर नेमबाजी आणि मग जेवण. मी चार वर्षं टाळलं होतं. यंदा हर्शलने परस्पर माझं नाव देऊन टाकलं.

"ओपल एकदा सगळ्यांना दाखवू दे," तो बहिणीला म्हणाला. "माझी काडतुसं आहेत तिच्याकडे."

"तेच तर बघायचंय मला," लोवेडा म्हणाली. "हर्शल, जिवावरच्या कामाला घरची काडतुसं देऊ नयेत, हे तुला बाबांनीपण सांगितलं होतं."

"बाबांनी तुला दुकान काढू नकोस असंही सांगितलं होतं."

"आणि बघ, मी ऐकलं नाही म्हणून तुला बारूद उधारीवर मिळते."

मी मक्याचा पाव भाजून लोखंडी तव्यासकट घेतला आणि निघाले. हर्शल ट्रक चालवत होता, खुशीत शीळ वाजवत होता. मी मनात म्हणत होते, आज हे लपायचं नाही. हात थरथरेल, बार डोंगरात जाईल, आणि संध्याकाळी हा म्हणेल, कबूल केलं होतंस.

लोवेडाचा एक नियम आहे. घरून आणलेल्या सरावाच्या स्वस्त गोळ्यांना आधी हात लावायचा नाही. रोज जे कमरेला किंवा पर्समध्ये घेऊन हिंडता, जसं आहे तसं, तेच आधी पूर्ण रिकामं करायचं. "तुम्ही बायका दुधाच्या बाटलीवरची तारीख वाचता," ती सगळ्यांना ऐकवते, "आणि हे मात्र आईच्या मयतीपासून पर्समध्ये तसंच पडलेलं असतं."

आधी पास्टरची बायको ट्वायला पुढे झाली. तिने पर्समधून पिस्तूल काढलं तर त्याला पुदिन्याची गोड वडी चिकटलेली. लोवेडाने ती नखाने खरवडली, वास घेतला आणि म्हणाली, "ट्वायला, चोराचं तोंड ताजं करणार आहेस का तू?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मग माझी पाळी. कानांवर आवरण, डोळ्यांवर चष्मा. पुरुषांना आत यायची बंदी, म्हणून हर्शल कुंपणाच्या दारापाशी हाताची घडी घालून उभा, हनुवटी वर.

पहिला बार. अंगठ्यातून कळ उठली आणि गोळी निशाणाच्या कितीतरी खाली मातीत गेली. दुसरा बार. बहुतेक डोळे मिटले मी, कारण कुठे गेला ते मला आजही माहीत नाही. तिसऱ्यांदा चाप ओढला तर तो हललाच नाही. वाटलं, बोटातली ताकद संपली. दोन बोटं लावून ओढला. दगड.

"थांब!" लोवेडा ओरडली. "तोंड निशाणाकडेच ठेव. बोट बाहेर. दे माझ्याकडे."

तिने रिव्हॉल्व्हर घेतलं, बाजूने उजेडात धरलं आणि गप्प झाली. ही बाई कधी गप्प होत नाही, म्हणून सगळ्या गोळा झाल्या. तिने मला जवळ ओढून दाखवलं. काडतुसं ज्या चक्रात बसतात त्या चक्राच्या तोंडातून एका गोळीचं शिसं दाणा फुटावा तसं बाहेर डोकावत होतं, आणि पुढच्या लोखंडाला अडलं होतं. चक्र फिरेना, म्हणून चाप हलेना.

"दोन बारांच्या धक्क्याने उरलेल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकल्या," ती म्हणाली. "हलकी बंदूक, वर इतकी बारूद. मोठ्या जड बंदुकीला चाललं असतं. हिला पुंगळीचं तोंड दुप्पट आवळायला हवं होतं." मग हळू आवाजात विचारलं, "कधीपासून हीच आहेत हिच्यात?"

"शरदापासून."

"जानेवारीत हीच होती?"

मी मान हलवली. तेव्हा मला खरं काय ते कळलं. त्या माणसावर मी डोळे मिटून दोन बार काढले असते, दोन्ही चुकले असते, आणि मग माझ्या हातात एक लोखंडाचा तुकडा राहिला असता. ट्वायलाने मला धरून बाकावर बसवलं आणि बर्फ घातलेल्या चहाचा ग्लास हातात दिला.

हर्शल दारातून आत आला होता. कोणी त्याला अडवलं नाही. त्याने बहिणीच्या हातातलं रिव्हॉल्व्हर वाकून बघितलं. खाण कोसळल्याच्या बातम्या ऐकतानासुद्धा मी त्याचा चेहरा असा बघितला नव्हता. तो वळला आणि ट्रककडे चालत गेला.

मी उठायला लागले तर लोवेडाने खांदा दाबला. "बसू दे त्याला. त्याचं तो बघेल. तू आधी इकडे ये. आज इथून तू गोळी निवडल्याशिवाय जायचं नाही."

तिने ती अडकलेली गोळी लाकडी दांड्याने बाजूने हळूच आत ढकलली, चक्र उघडलं आणि हर्शलची उरलेली तीनही काडतुसं डब्यात टाकली. मग तीन खोकी मांडली. पहिली पोकळ टोकाची, जोराची. ती लागली की फुलते, पलीकडे जात नाही, म्हणून सगळे तिच्यावर जीव टाकतात. मी दोन झाडल्या. एक निशाणाच्या कडेला लागली, मग हातानेच नाही म्हटलं. दुसरी तशीच, पण जरा मवाळ. त्यातली तिसरी मी डोळे मिटून मारली.

लोवेडा निशाणाकडे बघतच नव्हती, ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "अजून मिटतात," ती म्हणाली आणि तिसरं खोकं पुढे केलं.

ती काडतुसं बघून मला आधी वाटलं, गोळी बसवायची राहिलीच. समोरून पूर्ण सपाट, शिसं पुंगळीच्या काठाशी बरोबर.

"ह्या तर कागद फाडायच्या," मी म्हणाले. हर्शल यांना हेच म्हणतो. स्पर्धेत कागदाच्या निशाणावर मारायच्या, बाकी कशाच्या कामाच्या नाहीत.

"बाई, कागद फाटतो म्हणजे गोळी लागते. लागलेली मवाळ गोळी माणसाला थांबवते, चुकलेली जहाल गोळी डोंगराला थांबवते. आमची मावशी चाळीस वर्षं ह्याच घालून हिंडली. मार."

मी मारली. हातात नुसता एक हलका धक्का. बरणी टेबलावर जरा आपटावी तेवढा. मी दुसरी मारली, आणि निशाणावरचं भोक मला दिसलं, कारण माझे डोळे उघडे होते. तिसरी, चौथी, पाचवी. चक्र गोल फिरलं, कुठे अडलं नाही. लोवेडाने पुन्हा भरायला लावलं, मग पुन्हा. शेवटी कागद उतरवून आणला तेव्हा सगळी भोकं माझ्या पावाच्या तव्याखाली झाकली जातील एवढ्या जागेत होती.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू यायला लागलं आणि थांबेना, आणि मधेच ते रडणं झालं. शरदापासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. माझा हात निकामी नव्हता. हाताला चुकीचं काडतूस दिलं होतं, एवढंच. आयव्ही तिच्याच घरात, तिच्याच कोंबडीला शिव्या देत राहणार होती.

पण अजून हर्शल होता. मी ट्रकचं दार उघडून त्याच्या शेजारी बसले. तो समोर बघत होता.

"माझा अंगठा दुखतो," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. त्यानंतर एकदाही झाडली नाही मी."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"पिशवी खुंटीवर तशीच आहे. रोज बघतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. "ओपल, मी बारूद मुद्दाम जास्त घातली होती. गोळीही मुद्दाम जड घेतली. वाटलं, एकदा झाडशील, हात झटकशील, म्हणशील की हर्शल, हे माझ्याने होत नाही. मग मी म्हणणार होतो, बरं, मग बस घरी. तर तू म्हणालीस, छान आहे!"

मी त्याच्याकडे वळून बसले.

"आणि जानेवारीत तू येऊन सांगितलंस," तो म्हणाला, "तर मी देवाचे आभार मानले. बरं झालं म्हटलं, काडतुसं माझ्या हातची होती तिच्याकडे."

मी त्याच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तिनेच त्याला हाणायला सुरुवात केली. डोक्यावर, खांद्यावर, जिथे लागेल तिथे. "मला घरी बसवायला निघाला होतास? कायमची बसवली असतीस की, मातीत!" त्याने हात वर केला नाही, मुकाट मार खाल्ला. दगडखाणीतून लोवेडाचा आवाज आला, "ओपल, डोळे उघडे ठेवून मार!" आणि मला इतकं हसू आलं की टोपी हातातून पडली. हर्शलही हसला, पण त्याची हनुवटी थरथरत होती. मी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. जिवंत होते मी, गाडीत ऊन येत होतं, आणि पलीकडे कोणीतरी माझ्या पावाचा तवा पळवत होतं. रागवायला पुढचं सगळं आयुष्य पडलं होतं.

"आता नीट ऐक," मी म्हणाले. "मी काम सोडत नाही. आणि गोळी मी निवडली आहे. सपाट. दुकानातली."

"त्या कागद फाडाय..." तो सवयीने बोलून गेला आणि माझ्या हाताकडे बघून थांबला. "दाखव कागद," तो म्हणाला. मी दाखवला. त्याने भोकांवरून बोट फिरवलं आणि घडी घालून कागद स्वतःच्या खिशात ठेवला.

रविवारी चर्चहून आल्यावर कपडेही न बदलता तो शेडमध्ये गेला. भरलेलं काडतूस मोडायचा एक हातोडा असतो, पोकळ डोक्याचा. त्यात काडतूस अडकवून लाकडावर हाणलं की गोळी निसटते आणि बारूद वेगळी होते. पाच-सहा ठोके पडले की एक काडतूस मोडतं. खुंटीवरची ती पिशवी, वर कपाटात माझ्यासाठी म्हणून भरून ठेवलेली सगळी, त्याने एकेक करून मोडायला घेतली. ठक, ठक, ठक. मी पलंगावर आडवी झाले होते, पाय वर घेऊन. शरदापासून मला दुपारची झोप नव्हती. त्या ठोक्यांत कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा ठोके थांबले होते आणि हर्शल पलंगाशी उभा होता. माझं रिव्हॉल्व्हर त्याने पुसून उशाशी ठेवलं होतं, शेजारी लोवेडाच्या दुकानातलं सपाट गोळ्यांचं खोकं, न फोडलेलं. भरायचं काम त्याने माझ्यावर सोडलं होतं. तळहातावर मात्र एक काडतूस होतं, त्याच्या हातचं, शिसं पुढे सरकलेलं. लोवेडाच्या डब्यातून मागून आणलं असणार.

"हे एक मोडलं नाही," तो म्हणाला. "शेडच्या खिडकीत ठेवतो. पुन्हा तुझ्यासाठी काही ठरवायला बसलो, की समोर दिसेल."

"मागच्या नको," मी म्हणाले. "तू बसतोस त्याच्या समोरच्या, पुढच्या खिडकीत ठेव. तुझी नजर हल्ली अधू झाली आहे."

त्याने ते पुढच्या खिडकीत ठेवलं. सोमवारी सकाळी मी पाच सपाट गोळ्या भरल्या, शर्ट खाली ओढला आणि आयव्हीकडे निघाले.